लाईन फॉलोअर टीमने बनवताना: पीआयडीला हात लावायच्या आधीची कामं आणि नंतरची

लाईन फॉलोअर म्हणजे जमिनीवरच्या लाईनवरून आपोआप चालणारा रोबो. लाईनपासून किती सरकलो ते बघून मोटरचा वेग सुधारणारं त्याचं गणित म्हणजे पीआयडी, आणि त्यात आपण ठरवायचे तीन आकडे: केपी (आत्ताच्या चुकीसाठी), केआय (साठत गेलेल्या चुकीसाठी) आणि केडी (चूक किती झपाट्याने बदलतेय त्यासाठी). कॉलेजच्या स्पर्धा जवळ आल्या की ज्युनियर टीम येऊन एकच प्रश्न विचारतात, "दादा, केपी किती ठेवू?" आणि रोबो हातात घेऊन बघितला तर सेन्सरची पट्टी एका स्क्रूवर लोंबकळतेय, मोटरच्या वायरी नुसत्या पिळून जोडल्यात, बॅटरी ७ व्होल्टच्याही खाली गेलीय. केपी काहीही ठेवा, हा रोबो पहिल्याच वळणाला बाहेर जाणार. कोडमध्ये सहसा फार काही चुकलेलं नसतं, चुकलेला असतो क्रम. सगळं एकदम जोडायचं, नेटवरचा कोड टाकायचा आणि मग आकडे फिरवत बसायचं, याने फक्त आठवडे जातात. खाली ज्या टप्प्याला तपासणी दिलीय, ती पास झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही.

इथे मी हा रोबो धरलाय: दोन एन२० गिअर मोटर, पुढे एक बॉल कॅस्टर (चाकाऐवजी कुठेही वळणारी गोळी), आठ सेन्सरची अॅनालॉग आयआर (इन्फ्रारेड) पट्टी, अर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर (नॅनोच्या सांगण्यावरून मोटरला करंट देणारा बोर्ड) आणि दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी). पहिल्या रोबोसाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही.

## टप्पा १: नियम वाचा, मग कामं वाटा

आधी स्पर्धेचं नियमपत्रक घ्या आणि चौघांनी एकत्र बसून वाचा. लिहून काढायच्या गोष्टी: रोबोची कमाल लांबी-रुंदी, बॅटरीची व्होल्टेज मर्यादा, लाईनची रुंदी (आपल्याकडे बऱ्याच ट्रॅकवर २५ किंवा ३० मिमी असते), काळ्यावर पांढरी लाईन मध्येच येते का, तुटक लाईन आहे का, काटकोन आणि त्याहून टोकदार वळणं आहेत का, रोबोला हात लावला तर काय पेनल्टी, रेडिमेड किट चालतं का. ट्रॅक फ्लेक्सवर छापलेला आहे की प्लायवर टेप लावून केलाय हेही आयोजकांना विचारून घ्या, पुढे फार कामाला येतं.

मग कामं. चार जणांची टीम धरली तर एक चॅसीचा, एक पॉवर आणि वायरिंगचा, एक कोडचा, आणि चौथा टेस्टिंग आणि वहीचा. चौथ्या माणसाला सगळे फालतू समजतात, पण खरं तर सगळ्यात खमक्या माणसाला हे काम द्या, कारण "आत्ता काय बदललं ते लिहिल्याशिवाय पुढचा रन नाही" असं मित्रांना तोंडावर सांगणारा कोणीतरी लागतो.

वहीत प्रत्येक रनला एक ओळ: बॅटरीचं व्होल्टेज, बेस स्पीड (सरळ लाईनवर दोन्ही मोटरना दिलेला मूळ वेग), केपी, केडी, लॅपचा वेळ, कुठे बाहेर गेला. कोडच्या फाईलला तारीख आणि नंबर द्या. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशा तीन फाईल झाल्या की स्पर्धेच्या सकाळी हमखास चुकीची अपलोड होते.

## टप्पा २: सामान घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, बाकी सगळीकडे ऑनलाईन. ऑनलाईन मागवणार असाल तर पार्सल उशिरा येणार असं धरूनच चाला.

मोटर: ६ व्होल्टच्या, ३०० आरपीएमच्या एन२० घ्या. सगळ्यांना १००० आरपीएम हवी असते, पण हिशोब करून बघा. ४३ मिमीचं चाक एका फेरीत साधारण १३५ मिमी जातं, म्हणजे ३०० आरपीएमला सेकंदाला जवळपास ६७ सेंमी. पहिल्या रोबोला एवढा वेग सांभाळणं हेच पुष्कळ काम आहे. दोन्ही मोटर एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घ्या.

ड्रायव्हर: एल२९८ घेऊ नका. स्वस्त आहे, सगळ्या व्हिडिओत दिसतो, पण आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि १ अँपिअरला त्याच्यातच २ व्होल्टच्या आसपास खाल्ले जातात, वर तो गरम होतो आणि वजनालाही जड. टीबी६६१२ मध्ये मॉसफेट आहेत, एका चॅनलला १.२ अँपिअर सलग देतो, लहान मोटरसाठी भरपूर.

सेन्सर: अॅनालॉग आउटपुट असलेलीच पट्टी घ्या. त्या बारीक पोटेन्शिओमीटर फिरवायच्या पाच सेन्सरच्या डिजिटल पट्ट्या फक्त काळं की पांढरं एवढंच सांगतात, त्यामुळे रोबोला लाईन "किंचित उजवीकडे" आहे हे कळत नाही आणि तो झटके देत चालतो.

बॅटरी: दोन सेलची लायपो, ४५० ते ८०० एमएएच. सोबत बॅलन्स चार्जर आणि बॅलन्स कनेक्टरला लावायचा बझरवाला अलार्म. अलार्मला कंजुसी करू नका.

स्पेअर: एक मोटर, एक ड्रायव्हर, एक नॅनो जास्तीची. स्पर्धेच्या आदल्या रात्री दुकान उघडं नसतं.

## टप्पा ३: चॅसी

३ मिमी अॅक्रिलिक किंवा सरळ झिरो पीसीबीचीच (भोकं असलेला सोल्डरिंगचा कोरा बोर्ड) चॅसी करा. वजन जितकं खाली आणि चाकांच्या जवळ तितकं चांगलं, म्हणून बॅटरी दोन मोटरच्या मध्ये किंवा मोटरच्या लगेच वर, पुढे टोकाला कधीच नाही. पुढे वजन टाकलं की चाकांवर भार कमी पडतो आणि चाकं फ्लेक्सवर घसरतात, मग मुलं म्हणतात पीआयडी जमत नाहीये.

सेन्सरची पट्टी चाकांच्या अक्षापासून साधारण १० सेंमी पुढे ठेवा. फार जवळ ठेवली तर वळण उशिरा कळतं, फार लांब ठेवली तर छोट्याशा हालचालीतही पट्टी भलतीकडे फेकली जाते. जमिनीपासून उंची ३ ते ५ मिमी, आणि ही उंची स्क्रू-स्पेसरने पक्की करायची. ग्लू गन किंवा डबल साइड टेपने लावलेली पट्टी दुपारच्या उकाड्यात खाली येते आणि तुमचं सगळं कॅलिब्रेशन (सेन्सरला काळं-पांढरं ओळखायला शिकवणं, टप्पा ६) वाया.

दोन्ही मोटर एका रेषेत आहेत का ते स्टीलची पट्टी लावून बघा. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नको.

तपासा: रोबो सपाट काचेवर ठेवा, दोन चाकं आणि कॅस्टर तिन्ही टेकले पाहिजेत. पट्टीच्या डाव्या आणि उजव्या टोकाची उंची मोजा, फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

## टप्पा ४: पॉवर आणि वायरिंग

सगळ्यात जास्त रोबो इथे मरतात म्हणून इथे सावकाश.

ब्रेडबोर्ड फक्त टेबलावर प्रयोग करायला. चालणाऱ्या रोबोवर थरथरीने जंपर ढिले होतात आणि मग कधी चालतो, कधी चालत नाही असा भूतबाधेसारखा प्रकार सुरू होतो. झिरो पीसीबीवर बर्ग स्ट्रिप (बोर्डाच्या पिना खोचायची पट्टी) सोल्डर करा, नॅनो आणि ड्रायव्हर त्यात बसवा म्हणजे जळले तर उपटून बदलता येतात. मोटर आणि सेन्सरला रेलिमेट कनेक्टर लावा.

वायरिंगचा क्रम असा:

१. बॅटरीतून स्विच, स्विचमधून दोन फाटे. बॅटरीचा कनेक्टर एकाच बाजूने बसणारा घ्या, कारण टीबी६६१२ च्या त्या छोट्या बोर्डाला उलटी बॅटरी लावलेली एकदाही सहन होत नाही.

२. एक फाटा ड्रायव्हरच्या व्हीएम पिनला (मोटरची पॉवर इथून जाते). तिथेच, अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १६ व्होल्ट किंवा जास्तीचा. पोलॅरिटी बघून.

३. दुसरा फाटा एका छोट्या बक कन्व्हर्टरला (व्होल्टेज कमी करून देणारं मॉड्यूल). तो काहीही न जोडता आधी मल्टिमीटरवर ५ व्होल्टला सेट करा आणि मगच नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला, सेन्सरला आणि ड्रायव्हरच्या व्हीसीसीला द्या. हे मॉड्यूल पाकिटातून निघतं तेव्हा त्याचं आउटपुट काहीही असू शकतं. नॅनोच्या व्हीआयएनला थेट बॅटरी देणारे बरेच आहेत, चालतंही, पण त्याला कमीत कमी ७ व्होल्ट लागतात आणि मोटर सुरू होताना दोन सेलची बॅटरी त्याच्या खाली सहज जाते.

४. सगळे ग्राउंड एकत्र. बॅटरी, बक, नॅनो, ड्रायव्हर, सेन्सर, सगळ्यांचे. ग्राउंड कॉमन नसेल तर सेन्सर कचरा वाचतात आणि मोटर मनाला येईल तशा फिरतात.

५. ड्रायव्हरची एसटीबीवाय पिन ५ व्होल्टला. ही मोकळी राहिली की मोटर ढिम्म हलत नाहीत आणि टीम दोन तास कोड वाचत बसते.

६. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, मोटरवरच सोल्डर केलेला.

पिनांचं: सेन्सरचे आठ आउटपुट ए० ते ए७ वर. लक्षात ठेवा, नॅनोच्या ए६ आणि ए७ फक्त अॅनालॉग इनपुट आहेत, तिथे बटण लावून डिजिटल रीड केलं तर काही मिळणार नाही. दोन्ही मोटरचे पीडब्ल्यूएम (मोटरला किती जोर द्यायचा ते ० ते २५५ मध्ये सांगणारा सिग्नल) डी५ आणि डी६ वर किंवा डी९ आणि डी१० वर, म्हणजे एकाच जोडीवर. डी५-डी६ ची फ्रिक्वेन्सी साधारण ९८० हर्ट्झ, बाकीच्यांची ४९०, एक इकडे एक तिकडे केलं तर तोच आकडा देऊनही दोन मोटर वेगळ्या वागतात.

सावध: कोड अपलोड करताना रोबोचा स्विच बंद ठेवा. यूएसबीचे ५ व्होल्ट आणि बकचे ५ व्होल्ट एकमेकांवर चढवू नका.

तपासा: बॅटरी लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. पहिल्यांदा पॉवर कॉलेजच्या लॅबमधल्या सप्लायवरून द्या, ७.४ व्होल्ट, करंट लिमिट अर्धा अँपिअर. काही चुकलं असेल तर सप्लाय करंट आवळतो आणि बोर्ड वाचतो. लायपो मात्र काही आवळत नाही, सरळ धूर.

## टप्पा ५: फक्त मोटर

आता छोटा कोड, सेन्सर नाहीत, पीआयडी नाही. चाकं हवेत ठेवून डावी पुढे, डावी मागे, उजवी पुढे, उजवी मागे. दिशा उलटी असेल तर मोटरच्या दोन वायरी बदला, कोडमध्ये वजाबाकीचे जुगाड करू नका, नंतर कोणालाच आठवत नाहीत.

मग शून्यापासून पीडब्ल्यूएम हळूहळू वाढवत न्या आणि रोबो जमिनीवर कितीला हलायला लागतो ते वहीत लिहा. ३०-४० पर्यंत काहीच होत नाही असं सहसा दिसतं, तो आकडा पुढे लागतो. वरची मर्यादाही आत्ताच ठरवा: पूर्ण चार्ज बॅटरी ८.४ व्होल्ट, मोटर ६ व्होल्टची, म्हणजे २५५ पैकी १८० च्या वर जायचं नाही.

तपासा: दोन्ही मोटरना १०० देऊन रोबो २ मीटर सोडा. थोडा एका बाजूला जाईल, चालेल. फूटभर वळत असेल तर आधी चाक घासतंय का, गिअरमध्ये केस अडकलाय का, बघा. एकदम फुल पुढे आणि एकदम फुल मागे असंही पाच-सहा वेळा करून बघा. त्यात नॅनो रीसेट झाली तर टप्पा ४ ला परत जा, कारण हीच गोष्ट स्पर्धेत झाली की रोबो ट्रॅकच्या मध्यात थांबून नव्याने कॅलिब्रेशन करायला लागतो आणि सगळं पब्लिक हसतं.

## टप्पा ६: फक्त सेन्सर

मोटर बंद. आयआर एलईडी डोळ्यांना दिसत नाहीत, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात दिसले नाहीत तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा. आठही पेटले पाहिजेत.

आता सीरियल मॉनिटरवर आठ आकडे. पांढऱ्यावर आणि काळ्यावर प्रत्येक सेन्सर किती देतो ते लिहा. प्रत्येकाचे आकडे वेगळे येणारच, म्हणूनच कॅलिब्रेशन असतं: रोबो लाईनवर आडवा हलवत प्रत्येक सेन्सरचं किमान आणि कमाल नोंदवायचं आणि नंतरचं वाचन ० ते १००० मध्ये बसवायचं. कॅलिब्रेशन करताना रोबो जमिनीवर टेकलेलाच हवा. हातात उचलून फिरवलात तर उंची बदलते आणि भलतेच आकडे साठतात.

घरी सराव ट्रॅक करताना चकचकीत इन्सुलेशन टेप टाळा, तिच्यावरून प्रकाश आरशासारखा परततो. आणि काही काळ्या शाया आयआरला काळ्या दिसतच नाहीत, त्यामुळे छापून आणलेल्या ट्रॅकवर फरक कमी आला की लगेच सेन्सरला शिव्या घालू नका, आधी दुसऱ्या काळ्यावर ठेवून बघा.

मग लाईनची जागा काढायची. सेन्सरना ०, १०००, २००० असं ७००० पर्यंत वजन द्या, वजन गुणिले वाचन यांची बेरीज करा, वाचनांच्या बेरजेने भागा. लाईन मधोमध असेल तर ३५०० च्या आसपास येतं, त्यातून ३५०० वजा केले की एरर.

सावध: ही बेरीज "इंट" मध्ये ठेवू नका. नॅनोवर इंट ३२७६७ पर्यंतच जातो आणि ७००० गुणिले १००० म्हणजे ७० लाख. "लाँग" वापरा. हा बग फार छळतो, कारण लाईन कडेला गेली की जागा भलतीच येते आणि मुलांना वाटतं शेवटचे सेन्सर खराब आहेत.

तपासा: लाईन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. एरर उणे ३५०० पासून अधिक ३५०० पर्यंत सलग बदलत गेला पाहिजे, मध्ये उडी नको.

## टप्पा ७: चिन्हाची तपासणी

दोन मिनिटांचं काम, आणि बहुतेक टीम हेच गाळतात. आता मोटर आणि सेन्सर एकत्र, केपी छोटा, चाकं हवेत. लाईनचा एक तुकडा कार्डपेपरवर चिकटवा आणि पट्टीखाली धरा. लाईन डाव्या सेन्सरखाली गेली की उजवं चाक जोरात आणि डावं हळू व्हायला हवं. उलट होत असेल तर चिन्ह बदला. उलट्या चिन्हाचा रोबो लाईनपासून लांब पळतो आणि केपी जितका वाढवाल तितका जोरात पळतो.

## टप्पा ८: पीआयडी, आता कुठे

दुसऱ्याचा केपी कॉपी करू नका. कोणाच्या कोडमध्ये एरर उणे ७ ते ७ असतो, कोणाच्यात उणे ३५०० ते ३५००. त्याचा केपी १० असेल तर तुमच्याकडे तो हास्यास्पद आहे. स्वतःचा असा काढा: बेस स्पीड ८० ठेवलाय, एरर पूर्ण ३५०० असताना करेक्शन साधारण ८० व्हायला हवं, म्हणजे केपी ८० भागिले ३५००, ०.०२३. इथून सुरुवात. आणि हा व्हेरिएबल "फ्लोट" हवा, इंट ठेवला तर ०.०२३ चा सरळ शून्य होतो.

१. केआय आणि केडी शून्य. केपी हळूहळू वाढवा, रोबो सरळ लाईनवर नागमोडी डोलायला लागेपर्यंत. मग थोडा कमी करा.

२. आता केडी, केपीच्या दहापटीपासून. वाढवत जा, डोलणं थांबेल. फार वाढवला की मोटर गुरगुरतात आणि रोबो थरथरतो, तिथून मागे या.

३. बेस स्पीड १० ने वाढवा, परत दोन्ही बघा. एका रनमध्ये एकच आकडा बदला.

केआयला मी हातच लावू देत नाही. लाईन फॉलोअरमध्ये त्याची गरज क्वचित पडते आणि वळणावर साठलेली बेरीज पुढच्या सरळ भागात रोबोला ओढत राहते.

सावध: रन करताना कोडमध्ये सीरियल प्रिंट आणि डिले ठेवू नका. ९६०० बॉडला एक अक्षर पाठवायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, २० अक्षरांची ओळ म्हणजे २० मिलिसेकंद. बफर भरला की अख्खा लूप तिथे थांबतो. तेवढ्यात ६७ सेंमी वेगाचा रोबो १३ मिमी पुढे गेलेला असतो, २५ मिमीच्या लाईनच्या अर्ध्याहून जास्त. प्रिंट काढला की लूप १-२ मिलिसेकंदांवर येतो आणि केडीचा अर्थच बदलतो, म्हणून ट्यूनिंग नेहमी प्रिंट काढूनच करायचं. आकडे बघायचेच असतील तर रन संपल्यावर छापा.

सावध: ताज्या चार्जला जमलेले आकडे बॅटरी उतरल्यावर जमत नाहीत, कारण तोच पीडब्ल्यूएम कमी व्होल्टेज देतो. ट्यूनिंग ७.६ ते ८ व्होल्टच्या दरम्यानच करा. अलार्म सेलला ३.५ व्होल्टवर लावा, वाजला की थांबायचं, "अजून एकच रन" नाही. फुगलेली लायपो परत चार्जरला लावायची नाही, कितीही महाग असो.

## टप्पा ९: काटकोन आणि हरवलेली लाईन

साधी वळणं सलग दहा लॅप नीट जमल्यावरच इथे या. लाईन दिसेनाशी झाली, म्हणजे आठही वाचनं कमी, तर शेवटचा एरर ज्या बाजूचा होता त्या बाजूला जागेवर फिरायचं. काटकोनाची बरीचशी सोय एवढ्यानेच होते. पण शेवटचा एरर मधला असेल तर ती तुटक लाईन असू शकते, तेव्हा थोडा वेळ सरळ जाऊ द्या. दोन्हीला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर रोबो एका जागी गोल फिरत बसतो. क्रॉसिंगवर सगळे सेन्सर काळे होतात, तिथे सरळ. काळ्यावर पांढरी लाईन असेल तर ते सगळ्यात शेवटी, आणि नियमपत्रकात असेल तरच.

## टप्पा १०: स्पर्धेच्या दिवशी

कॅलिब्रेशन त्याच ट्रॅकवर, त्याच उजेडात. खिडकीतलं ऊन आणि हॅलोजन दोन्हीत भरपूर आयआर असतं, त्यामुळे पट्टीभोवती काळ्या कार्डपेपरचा पडदा करून न्या, फक्त तो जमिनीला घासू देऊ नका. चाकांचे टायर प्रत्येक रनआधी ओल्या कापडाने पुसा, फ्लेक्सवर धूळ बसली की पकड जाते आणि कालचा वेग आज जमत नाही.

पहिला रन कमी बेस स्पीडने, पूर्ण होणारा. दुसऱ्यात वेग वाढवा. यासाठी दोन वेग कोडमध्येच ठेवून बटणाने निवडता येतील असं करा, रांगेत उभं राहून लॅपटॉप उघडायची वेळ येऊ नये. आणि तिथे कोणी येऊन म्हणालं की "केडी थोडा वाढव ना", तर वही ज्याच्याकडे आहे त्याने मान हलवून नाही म्हणायचं.

घरी आल्यावर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा रिकामी तशीच ठेवून देऊ नका. चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणा, अलार्म काढा (तो लावून ठेवला तर हळूहळू बॅटरी पीत राहतो), आणि कनेक्टर रोबोपासून सोडवून ठेवा.